बर्मिंगहॅमच्या गाड्या वरशाहून सुटतात

दिनाभाऊंना गाडी लागते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही मला विचारणार नाही की गाड्यांचा एवढा नाद असलेला माणूस स्वतः कधी कुठे गेला का नाही. एकतीस वर्षं त्यांनी एसटीत काढली, निम्मी नागोठण्याला आणि निम्मी रोह्याला, पण सगळी जमिनीवर. ते वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवरच्या खिडकीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावरून कधी सुटणार, ते माइकवर सांगणारा माणूस. अलिबाग, महाड, मुंबई, पुणे, कुठे कुठे त्यांनी माणसं पाठवली. स्वतः मात्र खांबच्या आपल्या घरून रोह्याला यायचे ते खिशात लिंबू ठेवून, आणि कोलाड येईपर्यंत ते अर्धं झालेलं असायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी वरशाला दोन खोल्या बांधल्या, कारण तिथून रोहा स्टँडला चालत जाता येतं.

मी त्यांचा शेजारी. रोह्याच्या एका शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून ते मला मास्तर म्हणतात आणि भूगोलातलं माझं काहीही ऐकत नाहीत.

दिनाभाऊ आणि मैनावहिनींना एकच मुलगी, प्रणिता. रसायनशास्त्रात हुशार निघाली, शिष्यवृत्ती मिळवून वर्षभराच्या शिक्षणाला बर्मिंगहॅमला गेली. तिला विमानतळावर सोडायला गाडी केली होती. मीही होतो. नागोठण्यापर्यंत दिनाभाऊ डोळे मिटून होते, पेणच्या अलीकडे वडखळला त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. उतरले, रस्त्याच्या कडेला बसले, आणि पोरीला म्हणाले, "मी हितूनच टाटा करतो. तू जा, तुझं चेकिंग चुकंल." प्रणिता रडली, मैनावहिनी रडल्या, आणि हे गृहस्थ हाताने इशारा करत राहिले, चला, चला, मागे गाड्या थांबल्यात. पोरीला निरोप देण्याचा बापाचा मोठा प्रसंग त्यांनी असा वडखळ नाक्यावर उरकला.

इंग्लंडचं प्रकरण सुरू झालं ते पहिल्याच महिन्यात. प्रणिताने फोन केला की मैत्रिणी शनिवारी ऑक्सफर्डला चालल्यात, जाऊ का? मुलगी विचारते आहे म्हटल्यावर एखादा बाप म्हणाला असता, जा किंवा जाऊ नको. दिनाभाऊंनी विचारलं, "परतीची गाडी किती वाजता?" तिला माहीत नव्हतं. मग त्यांनी मोबाइल उघडला आणि बोटाने सरकवत सरकवत बर्मिंगहॅम ते ऑक्सफर्डचं अख्खं वेळापत्रक वाचून काढलं. मैनावहिनी सांगतात, निवृत्तीनंतर त्या दिवशी हे पहिल्यांदा पोटभर जेवले.

पुढच्या आठवड्यात पडवीच्या भिंतीवर एक काळा फळा लागला. त्यावर स्टँडवर असतात तसे रकाने आखलेले होते: कुठून, कुठे, मार्गे, सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ. खाली खडूने, एसटीच्या त्या चौकोनी अक्षरांत, "बर्मिंगहॅम–बाथ, मार्गे ब्रिस्टॉल, ६.३०". शेजारच्या वाडीतून भाजी घेऊन येणारी सगुणा फळ्यापुढे टोपली टेकवून थांबली आणि विचारती झाली, "भाऊ, ही गाडी नागोठण्याला थांबते का?" दिनाभाऊंनी तिला हसून घालवलं नाही. "नाय गो सगुणे, ही भायेरची हाय. तुला साडेअकराची पनवेल बघ," असं रीतसर उत्तर दिलं. खिडकी सुटली तरी माणूस सुटत नाही.

आता त्यांचे नियम ऐका. पहिला, शेवटच्या गाडीने परत यायचं नाही. शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहिलेली माणसं त्यांनी एकतीस वर्षं स्टँडच्या बाकड्यांवर निजलेली पाहिली होती. दुसरा, मुक्काम करायचा नाही. तिसरा सगळ्यांत कडक: तिकडच्या दुपारी चारपर्यंत खोलीवर पोहोचायचं. कारण तिकडचे चार म्हणजे आपले साडेनऊ, आणि साडेनऊला दिनाभाऊ झोपतात. पोर घरी पोहोचल्याचा मेसेज आल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. तेव्हा त्यांच्या झोपेच्या सोयीसाठी प्रणिताने सगळं ब्रिटन दुपारच्या आत पाहिलं. बाथची दोन हजार वर्षांपूर्वीची रोमन स्नानगृहं तिने एक तास चाळीस मिनिटांत पाहिली, त्यातली वीस मिनिटं रांगेत. ऑक्सफर्डला ती इतक्या लवकर पोहोचली की कॉलेजांची दारंच उघडली नव्हती, आणि उघडायच्या वेळेला तिची परतीची गाडी होती. मार्चअखेर तिकडची घड्याळं एक तास पुढे गेली. तिने मोठ्या आशेने फोन केला, "बाबा, आता तर एक तास जास्तीचा मिळाला ना?" दिनाभाऊंनी बराच विचार करून अर्धा तास मंजूर केला.

तिने फोटो पाठवायचे आणि यांनी तपासायचे. मला एकदा लिव्हरपूलचा फोटो दाखवला. सुंदर बंदर, जुन्या इमारती, निळं पाणी, पुढे हसणारी मुलगी. मी म्हटलं, "वा!" त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, मुलगी सरकून बाहेर गेली, बंदर बाहेर गेलं, आणि पडद्यावर उरलं ते मागच्या मनोऱ्यावरचं घड्याळ. "पावणेबारा," ते म्हणाले, "बाराची गाडी हाय आणि ही अजून हसतेय."

मैनावहिनी आतून म्हणाल्या, "तुमी पोरीला इंग्लंड नाय दाखवलंत, इंग्लंडचे स्टँड दाखवलेत."

चुका झाल्या नाहीत असं नाही. परतीच्या गाडीत खिडकीची जागा हवी म्हणून प्रणिताने वडिलांच्या सूचनेबरहुकूम आधी चढून सीटवर रुमाल टाकला आणि ती स्वच्छतागृहात गेली. आपल्याकडे रुमाल टाकला की ती जागा तुमची, त्यावर कुणी बसला तर भांडणात अख्खी गाडी तुमच्या बाजूने उभी राहते. ती परत आली तर जागेवर एक म्हातारी गोरी बाई बसलेली. बाईने कुणाचा तरी रुमाल राहिला म्हणून तो ड्रायव्हरकडे दिला होता, आणि ड्रायव्हरने तो हरवलेल्या वस्तूंच्या पेटीत ठेवून नोंद करायला घेतली होती. रुमाल परत मिळवायला प्रणिताला सही करावी लागली. "रुमालाला मान नाय त्या देशात," दिनाभाऊ खिन्नपणे म्हणाले.

दुसरा धक्का त्याहून मोठा होता. विद्यार्थ्यांची सहल चालली होती, खाजगी गाडीने. दिनाभाऊ म्हणाले, खाजगीने जायचं नाय. एसटीच्या माणसाची मुलगी खाजगीत बसली तर स्टँडवर तोंड कुठे दाखवू? प्रणिताने बरेच आढेवेढे घेऊन सांगितलं, "बाबा, इथे सगळ्या गाड्या खाजगीच असतात. मी वर्षभर ज्यांनी फिरतेय त्यासुद्धा." इतक्या वेळेवर सुटतात, इतक्या स्वच्छ असतात, म्हणजे त्या सरकारीच असणार असं या माणसाने गृहीत धरलं होतं. असं गृहीत धरणारा माणूस आपल्या जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. दोन दिवस फळा कोरा राहिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा खडू हातात आला, पण "केंब्रिज" लिहिताना अक्षर जरा दबलेलं वाटलं.

मला हे सगळं एका निवृत्त माणसाचं वेड वाटत होतं. वर्गात पोरांना सांगून मी हशाही मिळवला आहे, कबूल करतो. खरी गोष्ट मला कळली जानेवारीत, खांबला, त्यांच्या शेतावर पोपटी लावली तेव्हा. भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल टाकलेला असतो. त्याच्या कोवळ्या शेंगा मडक्यात भरायच्या, वरखाली भांबुर्ड्याचा पाला दाबायचा, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. पाणी नाही, तेल नाही, शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. ऊन उतरताना मडकं फोडलं, आणि तोंड पोळत शेंगा खाताना दिनाभाऊंनी खिशातून एक घडीचा कागद काढला.

त्यावर एक्केचाळीस नावं होती. बाथ, ऑक्सफर्ड, लिव्हरपूल अशी पहिली बारा-तेरा खोडलेली, पुढची शिल्लक.

"मास्तर, दर शनवारी एक. परीक्षेचे सोडले तरी आगस्टात यादी संपतेय."

"मग?"

"मग काय? समदं बघून झालं की माणूस थांबतो कशाला? स्टँडवर मी बघितलंय. काय तरी बघायचं राहिलेला माणूसच गाडी सोडतो. हिचं काय राहूच नाय द्यायचं. धाटावच्या कंपनीत मी बोलून ठेवलंय, लॅबमध्ये, जनरल शिफ्ट. सकाळी डबा घेऊन जाईल, संध्याकाळला घरी." शेंग सोलताना त्यांचा हात थांबला. "ती तिकडंच राहिली तर मला तिला बघायला जाता येणार नाय. वडखळच्या पुढं मी जाऊ शकत नाय, तुम्हाला ठाऊक हाय."

तेव्हा मला कळलं की हा माणूस पोरीला ब्रिटन दाखवत नव्हता, संपवत होता. मी भूगोलाचा शिक्षक. एखादा देश असा संपत नसतो, हे सांगणं माझं काम होतं. पण माझ्या तोंडात वाल होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की मी आणखी एक शेंग उचलली.

यादी खरंच उतरत गेली. ब्रिस्टॉल, ग्लॉस्टर, कार्डिफ, नॉटिंगहॅम. मे महिन्यात प्रणिता दोन शनिवार कुठे गेली नाही, अभ्यास होता, तर दिनाभाऊंनी फळ्यावर "फेरी रद्द" लिहिलं आणि पडवीत अस्वस्थ होऊन हिंडत राहिले. तिचा फोनवरचा आवाज बदलत होता, ते मला जाणवत होतं, त्यांना नाही. आधी ती विचारायची, गाडी कुठून घेऊ. आता तीच सांगायची, "बाबा, ती आठची नको, तिला मध्ये चाळीस मिनिटं थांबवतात. साडेआठची घेऊन मध्ये बदलली तर दहा मिनिटं आधी पोहोचते." दिनाभाऊंना अभिमानाने काही सुचायचं नाही. "पोरीला लाइन कळली," असं ते स्टँडवरच्या जुन्या सहकाऱ्यांना सांगून आले. स्वतःच्या हाताने आपण काय करतोय, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

ऑगस्टच्या मध्यावर एकच नाव उरलं, एडिंबरा. तिथे जाऊन त्याच दिवशी परत येणं शक्य नव्हतं. जायला आठ-नऊ तास, यायला तेवढेच. दिनाभाऊ आठवडाभर मोबाइलमध्ये तोंड खुपसून होते. शेवटी त्यांनी फळ्यावर लिहिलं "बर्मिंगहॅम–एडिंबरा" आणि पुढे, आयुष्यात पहिल्यांदाच घरच्या माणसासाठी, "मुक्कामी". मैनावहिनींनी ते वाचून माझ्याकडे पाहिलं. "शेवटची फेरी हाय," दिनाभाऊ म्हणाले, "ही झाली की बॅग भरायला घे म्हणून सांगतो." धाटावच्या कंपनीतल्या साहेबांना त्यांनी त्याच दिवशी फोन करून आठवण दिली.

शनिवारी ती पोहोचली, मुक्कामाच्या जागी सुखरूप असल्याचा मेसेज आला. रविवारी आपल्या दुपारी अडीचला तिची परतीची गाडी होती. तीन वाजता मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो, आणि दिनाभाऊ समाधानाने सांगत होते की आता गाडी शहराबाहेर पडली असेल. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, मी गाडी सोडली."

दिनाभाऊ उभे राहिले. "सोडली का सुटली?"

"सोडली. मुद्दाम. गाडीत बसून हे बोलता आलं नसतं." वाऱ्याचा आवाज येत होता. "पुढची दुपारची आहे, तिची जागा घेऊन ठेवलीय. तुम्ही आधी ऐका."

आणि तिने सांगितलं. शिक्षण झालेल्यांना तिथे दोन वर्षं नोकरी करता येते. रसायनाच्या पुष्कळ कंपन्यांना तिने अर्ज केले, एकाचंही धड उत्तर आलं नाही. एका बसकंपनीत वेळापत्रकं आखणारा माणूस हवा होता, तिथे सहज अर्ज टाकला. मंगळवारी मुलाखत झाली. त्यांनी विचारलं, एखाद्याला बर्मिंगहॅमहून बाथ बघून दुपारी चारच्या आत परत यायचं असेल तर कसं पाठवाल?

"मी न बघता तीन रस्ते सांगितले, बाबा. कुठली गाडी ब्रिस्टॉलला अडकते तेपण सांगितलं. ते बघतच राहिले. मग विचारलं, दोन गाड्यांमध्ये किती वेळ ठेवाल? म्हटलं, माणसाला लघवीला जायला आणि एकदा भांडायला पुरेल एवढा. खूप हसले. विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हटलं, रोहा स्टँड." ती थांबली. "एक तारखेला रुजू व्हायला सांगितलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुम्ही म्हणाल तसं करते. खरंच. ये म्हणालात तर येते."

एक्केचाळीस शनिवार या माणसाने पोरीला परत आणायचा रस्ता खडूने आखला होता, आणि तिने त्याच रस्त्यावर नोकरी मिळवली होती. मला हसू यायला हवं होतं. वर्षभर हसतच आलो होतो. त्या क्षणी मात्र मला त्यांच्याकडे बघवेना.

"बोला की," मैनावहिनी हळूच म्हणाल्या.

दिनाभाऊ फोनवर वाकले. "गाड्या येळेवर सुटतात का त्यांच्या?"

"नाही ना. साडेनऊची पावणेदहाला सुटते. लोक वैतागतात."

"हां." ते पुन्हा बसले. मग त्यांनी असं काही विचारलं, जे इतक्या शनिवारांत एकदाही विचारलं नव्हतं. "तू बसलीस तिथून काय दिसतंय?"

प्रणिता गोंधळली असावी. मग ती सांगायला लागली. ती एका डोंगरावर बसली होती. आमच्या खांबच्या मागच्या डोंगराएवढाच असेल, म्हणाली, पण गवताचा, झाड नाही. खाली सगळं गाव काळ्या दगडाचं, मध्येच एक किल्ला, आणि घरं संपतात तिथे समुद्र. समुद्राच्या पलीकडे पुन्हा जमीन दिसते. वारा इतका आहे की ओढणी गळ्याला दोनदा गुंडाळलीय. शेजारी एक म्हातारा कुत्र्याला बिस्किट देतोय. ती पाच मिनिटं बोलत होती आणि दिनाभाऊ ऐकत होते, मध्ये एकदाही त्यांनी वेळ विचारली नाही.

"चांगलं हाय," ते शेवटी म्हणाले. "घे ती नोकरी. आणि ती साडेनऊची आधी सुधार."

पलीकडे प्रणिता रडायला लागली, मैनावहिनी फोन घेऊन आत गेल्या. आतून "काय खाल्लंस गो?" एवढं ऐकू आलं.

मी दिनाभाऊंच्या शेजारी बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "तुम्ही मनातलं सांगायचं होतं. ती तर विचारत होती. नाही म्हणायचंत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते, आणि ते पुसायची त्यांनी खटपट केली नाही.

"नाय म्हणालो असतो तर ती आली असती हो, मास्तर," ते म्हणाले. "एका शब्दावर आली असती. म्हणून तर नाय म्हणवलं नाय."